पाण्यातलं प्रतिबिंब हुबेहूब का येत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते हिवाळ्यात पहाटे पवना धरणाच्या जलाशयावर गेले होते. वारा पडलेला, पाणी संथ, पलीकडच्या काठाला झाडं आणि त्यांच्या मागे तुंग किल्ला. त्यांनी काठच्या उंच रस्त्यावरून, वाइड (रुंद दृश्य टिपणारी) लेन्स आणि पोलरायझर (ठरावीक दिशेत कंप पावणारा प्रकाश अडवणारा) फिल्टर लावून फोटो काढले. घरी येऊन बघतात तर तीन गोष्टी खटकल्या. वर तुंगचा माथा ठसठशीत आहे, पण पाण्यात झाडंच झाडं, किल्ल्याचं टोक जेमतेम. पाण्यातलं सगळं वरच्यापेक्षा काळपट. आणि फ्रेमच्या तळाशी तर आकाशाचं प्रतिबिंबच नाही, काठाजवळचे दगड आणि गाळ दिसतोय. ते विचारतात, "पाणी अगदी आरशासारखं होतं. मग प्रतिबिंब हुबेहूब का नाही? लेन्समध्ये दोष आहे का?"

लेन्समध्ये काही दोष नाही, तिच्यावर खर्च करू नका. मी बरीच वर्षं सह्याद्रीतल्या जलाशयांवर फोटो काढतो आणि शिकवतो, आणि हा प्रश्न जवळपास प्रत्येक तुकडीत कुणी ना कुणी विचारतंच. अडचण "हुबेहूब" या अपेक्षेत आहे. पाण्यातलं चित्र म्हणजे वरच्या चित्राची उलटी प्रत, असं आपण धरून चालतो. खरं तर ते त्याच देखाव्याचं दुसऱ्या जागेवरून दिसणारं दृश्य असतं, आणि त्यातला प्रकाश वाटेत कमी झालेला असतो. जागा दुसरी म्हणून किल्ला लपला, प्रकाश कमी म्हणून काळपटपणा आला, आणि तळाशी जे झालं त्यात फिल्टरचाही हात आहे. तिन्ही कारणं वेगळी आहेत, म्हणून एकेक घेतो.

आधी जागेचं. आपाती कोन आणि परावर्तन कोन समान असतात, हे आपण शाळेत पाठ केलेलं आहे. किल्ल्याच्या माथ्यावरून निघालेला किरण पाण्यावर पडतो, त्याच कोनात उसळतो आणि लेन्समध्ये शिरतो. लेन्सला तो उसळून आला हे कळत नाही. तिच्या दृष्टीने तो सरळ रेषेत, पाण्याच्या खालून आलेला असतो. म्हणून माथा पाण्याच्या पातळीपासून जितका वर, तितकाच खाली भासतो. मोजायचं ते पाण्याच्या पातळीपासून, काठापासून नाही. किल्ला काठापासून तीन किलोमीटर मागे असला तरी हिशोब त्याच पातळीने होतो.

आता हेच उलट्या बाजूने बघा. कॅमेरा पाण्यापासून दहा मीटर वर असेल, तर पाण्यात दिसणारं दृश्य हे पातळीच्या दहा मीटर खाली ठेवलेल्या कॅमेऱ्याला, मध्ये पाणी नसतं तर, जे दिसलं असतं ते असतं. फक्त उलटं केलेलं. म्हणजे तुमच्या एका फोटोत दोन कॅमेऱ्यांची दृश्यं आहेत: एक रस्त्यावरच्या, आणि दुसरा त्याच्या वीस मीटर खालच्या. खालून बघणाऱ्याला जवळची झाडं उंच वाटणार आणि मागचा डोंगर त्यांच्याआड जाणार. तुमच्या फोटोत नेमकं हेच झालंय.

आकडे घालून बघू. समजा पलीकडचा काठ २०० मीटरवर आहे, तिथली झाडं १० मीटर उंच आहेत, आणि तीन किलोमीटरवर पाण्यापासून ३०० मीटर उंच डोंगर आहे. तुम्ही १० मीटर उंचीवर उभे आहात. सरळ बघितलं तर झाडांचे शेंडे नेमके तुमच्या डोळ्यांच्या पातळीत येतात आणि डोंगराचा माथा त्यांच्या साडेपाच अंश वर. म्हणजे डोंगर बराच मोकळा दिसतो. पाण्यात मात्र शेंडे डोळ्यांच्या पातळीखाली ५.७ अंशांवर आणि माथा ५.९ अंशांवर. फरक उरला ०.२ अंशाचा, म्हणून जेमतेम टोक. आता तुम्ही खाली उतरून कॅमेरा पाण्यापासून अर्ध्या मीटरवर आणलात. सरळ दृश्यात शेंडे २.७ अंशांवर, माथा ५.७ वर, पाण्यात शेंडे ३.० वर आणि माथा ५.७ वर. दोन्ही दृश्यं जवळपास जुळली. तुंगचे नेमके आकडे वेगळे असतील, कारण तुम्ही कुठे उभे होता आणि धरणात पाणी किती होतं यावर ते ठरतं. पण घडतं ते हेच.

यावर विश्वास बसत नसेल तर घरी करून बघा. टेबलाच्या कडेला परात ठेवा, तिच्या तळाशी काळी प्लास्टिकची पिशवी पसरा आणि काठोकाठ पाणी भरा. पलीकडच्या काठाला लागून काडेपेटी उभी करा, आणि तिच्या मागे हातभर अंतरावर पाण्याची एक उंच बाटली. अलीकडे, परातीपासून थोडं मागे, उभे राहून बघा. बाटली समोर अख्खी दिसतेय, पण पाण्यात फक्त काडेपेटी. आता हळूहळू वाका, हनुवटी परातीच्या काठाला टेकेल इतके खाली या. पाण्यातल्या काडेपेटीच्या टोकापलीकडे बाटली सरकत बाहेर येते. मी शिकवताना हे नेहमी दाखवतो, कारण ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की माणूस जलाशयावर पोचल्या पोचल्या आपोआप खालची जागा शोधायला लागतो.

याच कारणाने पुलाच्या प्रतिबिंबात कमानीची खालची बाजू जास्त दिसते, आणि नांगरलेल्या होडीच्या प्रतिबिंबात तिची आतली बाजू कधीच दिसत नाही. अनेक हौशी चित्रांत वरचं चित्र तसंच्या तसं उलटं करून पाण्यात रंगवलेलं असतं. ते बघताना काहीतरी चुकतंय असं वाटत राहतं, पण काय ते सांगता येत नाही. चुकतं ते हे.

मग हुबेहूब कधी येतं? सूर्य, चंद्र, लांबचे ढग यांच्या बाबतीत येतं. ते इतके दूर असतात की दहा-वीस मीटर खालून बघितल्याने काही फरक पडत नाही. ते क्षितिजाच्या जितके अंश वर, तितकेच अंश खाली पाण्यात दिसतात. दूरच्या डोंगरापुढे झाडं-घरं काहीच नसेल तर तोही जवळपास हुबेहूब येतो. गडबड होते ती जवळचं आणि लांबचं एकाच फ्रेममध्ये असलं की.

खाली उतरण्याचा दुसरा फायदा फारसा कुणाच्या ध्यानात येत नाही, आणि मला तो पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. वरच्याच उदाहरणात, १० मीटरवरून बघताना माथ्याचं प्रतिबिंब तुमच्यापासून साधारण १०० मीटरवरच्या पाण्यात पडतं, म्हणजे जलाशयाच्या मध्यावर. तिथलं पाणी संथ राहणं नशिबाचा भाग. कॅमेरा अर्ध्या मीटरवर आणला की तेच प्रतिबिंब तुमच्यापासून पाच ते दहा मीटरच्या पट्ट्यात येतं. कॅमेरा दहा सेंटिमीटरवर आणला तर एक ते दोन मीटरच्या. मधल्या पाण्यावर तरंग असू देत, होडी जाऊ दे. काठाजवळचा तेवढा तुकडा शांत असला की झालं. एखाद्या अंगणाएवढ्या डबक्यात अख्खा डोंगर मावतो तो याच हिशोबाने. खोलीशी प्रतिबिंबाचा काही संबंध नाही. पाण्याचा वरचा पृष्ठभाग तेवढा लागतो, बोटभर पाणीही चालतं. मोबाइलने काढत असाल तर फोन उलटा धरा, म्हणजे वरच्या कोपऱ्यातली लेन्स पाण्याजवळ येते. ट्रायपॉड असेल तर पाय पूर्ण फाकवा, आणि मधला दांडा काढता येत असेल तर काढून ठेवा.

आता उजेडाचं. घरातला आरसा त्याच्यावर पडलेला बहुतेक सगळा प्रकाश परत फेकतो, कारण काचेमागे धातूचा मुलामा असतो. पाण्याला असं काही नाही. पाण्यावर पडलेल्या प्रकाशाचा एक भाग उसळतो, उरलेला आत शिरतो. किती उसळेल ते कोनावर ठरतं, आणि हा फरक प्रचंड आहे. सरळ खाली, पायाशी बघितलं तर फक्त दोन टक्के प्रकाश उसळून येतो. नजर पाण्याच्या पृष्ठभागाशी ३० अंशांचा कोन करत असेल तर सहा टक्के. २० अंशांवर १३ टक्के, १० अंशांवर ३५, पाच अंशांवर ५८. नजर अगदी पाण्याला घासून गेली की ९० टक्क्यांच्याही वर. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑग्युस्तँ फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने यासाठी जी सूत्रं मांडली, त्यांनीच हे आकडे आजही काढतात.

फोटोच्या भाषेत एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा. पाच-सहा अंशांवरच्या किल्ल्याचं प्रतिबिंब साधारण एक स्टॉप कमी. दहा अंशांवर दीड स्टॉप, २० अंशांवर तीन, ३० अंशांवर चार. तुमच्या फ्रेममध्ये वाइड लेन्समुळे हे सगळे कोन एकाच वेळी आलेत. पाण्याचा वरचा पट्टा पाच अंशांचा आणि तळ तीस-चाळीस अंशांचा. म्हणून लांबचं पाणी उजळ आणि पायाजवळचं काळं, हा उतार प्रत्येक वाइड फोटोत येणारच. तिथे उभं असताना तुम्हाला तो जाणवला नाही, कारण डोळा जिकडे बघतो तिकडच्या उजेडाशी जुळवून घेतो. कॅमेरा सगळ्या फ्रेमला एकच एक्स्पोजर देतो.

इथे एक गैरसमज दूर करतो. खाली उतरल्याने किल्ल्याचं प्रतिबिंब उजळत नाही. लांबच्या डोंगराचा कोन त्याच्या स्वतःच्या उंचीवर आणि अंतरावर ठरतो, तुम्ही वर-खाली झाल्याने तो फारसा हलत नाही. माझ्या उदाहरणात तो ५.९ वरून ५.७ झाला, एवढंच. उजेड वाढवायचा असेल तर मागे जावं लागतं. लांबचा, बुटका वाटणारा डोंगर पाण्यात उजळ येतो. डोक्यावर आलेला कडा किंवा देवळाचं शिखर काळपट. ताजमहालाचं उदाहरण घ्या. वास्तू सुमारे ७३ मीटर उंच आहे आणि समोरची बाग एका बाजूला साधारण ३०० मीटर. प्रवेशद्वाराकडच्या टोकाला कळस बारा अंशांच्या आसपास दिसतो, बागेच्या मधल्या हौदाजवळून वीसच्या आसपास. म्हणजे लांबच्या टोकाला कळसाचं प्रतिबिंब दुपटीहून जास्त उजळ. मंदिराच्या पुष्करणीवर किंवा किल्ल्यावरच्या टाक्यावर काढताना जागा असेल तितके मागे सरका, ते याचसाठी.

उसळलेल्या प्रकाशाइतकंच महत्त्व पाण्यातून वर येणाऱ्या प्रकाशाला आहे. आत शिरलेला प्रकाश गाळावर, तळावर आपटून काही अंशी परत वर येतो आणि प्रतिबिंबात मिसळतो. रात्री खोलीत दिवा लावला की खिडकीच्या काचेत आपणच दिसतो आणि दिवसा त्याच काचेतून बाहेरचं दिसतं, तसाच हा प्रकार. काच तीच, तेवढाच प्रकाश परतवते, फक्त पलीकडे उजेड आहे की अंधार यावर काय दिसणार ते ठरतं. तुमच्या फ्रेमच्या तळाशी उसळणारा प्रकाश तीन ते सहा टक्क्यांवर आला आणि उथळ पाण्याखालच्या दगडांचा उजेड त्याच्यावर मात करून गेला. पाण्यात झाडाची किंवा स्वतःची गडद छबी पडते तिथेच तळ सर्वात स्वच्छ दिसतो, हेही विहिरीत वाकून बघितलंत तर लक्षात येईल.

म्हणून प्रतिबिंबाला पाणी काळं हवं. न्यूझीलंडमधलं मॅथेसन तळं जगभरच्या छायाचित्रकारांचं आवडतं आहे. आओराकी म्हणजे माउंट कुक आणि माउंट टास्मन ही बर्फाची शिखरं त्यात उतरतात. भोवतालच्या जंगलातला कुजलेला पालापाचोळा झिरपून तिथलं पाणी गडद तपकिरी झालंय. आत गेलेला प्रकाश त्यातच शोषला जातो, आणि वर येतो तो निव्वळ प्रतिबिंबाचा. आपल्याकडे तशी तळी नाहीत, पण सह्याद्रीच्या पठारावर काळ्या कातळातली पावसाळी डबकी आहेत आणि भिजलेले डांबरी रस्ते आहेत. दोन्ही उत्तम काम देतात. पावसाळ्यात धरणांचं पाणी लालसर गढूळ असतं. त्यावर प्रतिबिंब पडतं, पण दुधट पडदा ओढल्यासारखं फिकट. गाळ खाली बसला की पाणी निवळतं. ते किती दिवसांत निवळेल हे पाऊस कधी थांबला, वरून नदी काय घेऊन आली यावर अवलंबून आहे. माझ्या अनुभवात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ भरवशाचा. एप्रिल-मेमध्ये पातळी उतरलेली असते, पाणी आणि झाडी यांच्यामध्ये उघड्या मातीचा रुंद पट्टा येतो आणि पाण्यात तोच ठळक दिसतो.

आता "पाणी अगदी संथ होतं" याकडे वळतो. मुळात पाणी आरसा होऊ शकतं ते पृष्ठताणामुळे. पृष्ठताण पाण्याची कातडी ओढून धरतो आणि तिच्यावर प्रकाशाच्या तरंगलांबीच्या तुलनेत काही उंचवटे शिल्लक राहत नाहीत. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर. कागद आपल्याला गुळगुळीत वाटतो, पण या मापाने तो खडबडीत आहे, म्हणून प्रकाश चौफेर विखुरतो आणि कागदात चेहरा दिसत नाही.

पण वाऱ्याची झुळूक आली की पृष्ठभाग तिरपा होतो, आणि पाणी एक अंशाने तिरपं झालं की उसळणारा किरण दोन अंशांनी वळतो. आपल्या उदाहरणात खाली उतरल्यावरही पाण्यातला डोंगर शेंड्यांपासून माथ्यापर्यंत जेमतेम तीन अंशांचा होता. एक अंशाचा तरंग डोळ्याला दिसतही नाही, आणि त्याने माथा दोन अंश सरकतो. तुम्हाला संथ वाटणारं पाणी कॅमेऱ्यासाठी संथ असेलच असं नाही.

यातही एक मेख आहे. तरंग तुमच्याकडे किंवा तुमच्यापासून दूर झुकलेला असेल तर प्रतिबिंब वर-खाली पूर्ण दोन अंश सरकतं. तोच तरंग डावी-उजवीकडे झुकला आणि नजर पाच अंशांवर असेल, तर आडवं सरकणं त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. म्हणून हलत्या पाण्यात प्रतिबिंब उभं ओघळतं, आडवं पसरत नाही. रात्री मरिन ड्राइव्हवर उभं राहून समोरच्या वळणावरचे दिवे बघा. प्रत्येक दिव्याखाली पाण्यात उजेडाचा लांबच लांब खांब असतो, पण शेजारच्या दिव्यांचे खांब एकमेकांत मिसळत नाहीत. फोटोसाठी याचा अर्थ असा, की किंचित हलत्या पाण्यातही उभ्या गोष्टी तग धरतात: झाडांची खोडं, दीपमाळ, मनोरे, सुळके. आडव्या गोष्टी, म्हणजे डोंगराची लांब धार, तटबंदी, ढगांचे थर, आधी पुसल्या जातात. वारा पूर्ण पडला नसेल तर मी डोंगररांगेचा नाद सोडून एखादं निष्पर्ण झाड शोधतो.

वारा पहाटे पडलेला असतो कारण रात्रभर जमीन थंड होते, तिच्यालगतची हवा थंड आणि जड होऊन खाली बसून राहते. ऊन चढलं की डोंगरउतार तापतात, हवा वर सरकते आणि झुळका सुरू होतात. उजाडल्यापासून सूर्य वर येऊन तासभर होईपर्यंत, हा सर्वात चांगला वेळ. काही ठिकाणी तो याहून लवकर संपतो, विशेषतः खिंडीसमोर. म्हणून आदल्या दिवशी जागा बघताना फुगवट्याची अशी टोकं शोधा जी आत शिरलेली आहेत आणि ज्यांना टेकाडाची आड आहे.

वाऱ्यावर उपाय म्हणून अनेक जण गडद एनडी फिल्टर (लेन्समध्ये येणारा सगळाच प्रकाश कमी करणारी काच) लावून तीस सेकंदांचं एक्स्पोजर देतात. पाणी गुळगुळीत दिसतं खरं, पण आरसा तयार होत नाही. हलणाऱ्या प्रतिबिंबाच्या सगळ्या जागांची सरासरी मिळते, म्हणजे रंगांचे उभे ओघळ. कधी ते सुंदर दिसतात. किल्ल्याची रेघ हवी असेल तर उपयोगाचे नाहीत. तिथे शटर वेगवान ठेवून, झुळूक थांबण्याची वाट बघत बरेच फोटो काढणं मला जास्त पटतं.

पोलरायझरने तुमचं नुकसान केलं ते असं. पाण्यावरून उसळलेल्या प्रकाशात आडवं कंपन जास्त असतं. नजर पाण्याशी साधारण ३७ अंशांचा कोन करते तिथे उसळलेला प्रकाश पूर्णपणे आडव्या कंपनाचा असतो, आणि पोलरायझर योग्य फिरवला तर तो पूर्ण अडवतो. तुमच्या फ्रेमचा तळ याच कोनाच्या जवळ आहे, म्हणून तिथलं आकाश नाहीसं झालं आणि गाळ उघडा पडला. पाच अंशांवर परिणाम सौम्य असतो, पण असतो. किल्ल्याचं प्रतिबिंब आणखी थोडं मंद झालं ते त्यामुळेच. फिल्टर फेकून देऊ नका. तोच पाव फेरा फिरवलात की उलटं काम करतो: प्रतिबिंबाचा प्रकाश बहुतेक जाऊ देतो आणि खालून येणारा उजेड निम्म्यावर आणतो, म्हणजे तुलनेने प्रतिबिंब उठून दिसतं. फिरवताना आकाशाकडे न बघता पाण्याकडे बघत फिरवा. बहुतेक जण आकाश गडद निळं झालं की हात थांबवतात, आणि तेवढ्यात पाण्याचं काय झालं ते बघायचं राहून जातं. संभ्रम वाटला तर काढून ठेवा. प्रतिबिंबाच्या निम्म्याहून अधिक फोटोंना मी तो लावतच नाही.

फोकसबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढच्या वेळी अडाल, म्हणून सांगतो. प्रतिबिंब पाण्याच्या पृष्ठभागावर नसतं. पाणी पाच मीटरवर असलं तरी त्यातल्या किल्ल्याचा फोकस तीन किलोमीटरवरच, कारण प्रकाशाने तेवढाच प्रवास केलेला असतो. किल्ल्यावर फोकस केला की पाण्यातलाही स्पष्ट येतो. मोबाइलवर पाण्यावर बोट टेकवलंत आणि तिथे पान तरंगत असेल, तर फोन पान पकडेल आणि दोन्ही किल्ले धूसर होऊ शकतात. पुढचे दगडही स्पष्ट हवे असतील तर ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं प्रकाश आत घेणारं छिद्र, एफ ८ ते एफ ११ ठेवा. पण अगदी जवळचा दगड आणि दूरचा किल्ला एकाच फोटोत पूर्ण स्पष्ट येईलच असं नाही. लागल्यास दोन वेगळे फोटो काढून जोडावे लागतात.

एडिटिंगमध्ये मी एकच गोष्ट कटाक्षाने पाळतो. आकाश, ढग यांसारखी उजळ गोष्ट पाण्यात वरच्यापेक्षा उजळ कधीही नसावी (गढूळ पाण्यात गडद वस्तू थोडी फिकट दिसते, ते वेगळं). वर सांगितलेल्या टक्क्यांप्रमाणे ते घडूच शकत नाही, आणि बघणाऱ्याला भौतिकशास्त्र येत नसलं तरी खोटेपणा लगेच कळतो. ग्रॅज्युएटेड फिल्टरने (वरचा भाग गडद, खालचा पारदर्शक) आकाश तीन स्टॉप दाबलं की हेच होतं: पाण्यातलं आकाश खऱ्या आकाशाहून झगझगीत. एक स्टॉपचा फिल्टर पुरतो. फ्रेमच्या वर राहिलेला एखादा उजळ ढग पाण्यात आला तर गोष्ट वेगळी, त्याची जोडी फोटोत नसतेच. तुमच्याकडे रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली, प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) असेल तर पाण्याचा वरचा पट्टा अर्धा ते पाऊण स्टॉप उजळून बघा, किल्ल्याभोवतीचा भाग सुधारेल. तळाचा गाळ कापून टाकलेला बरा. झाडांमागे गेलेला माथा मात्र कुठल्याही सॉफ्टवेअरने खरा परत येणार नाही, त्यासाठी काठावर उतरूनच फोटो काढावा लागेल.

उतरा म्हणतोय, तर काठाबद्दलही सांगायला हवं. धरणाचा गाळ वरून वाळलेला आणि भेगाळलेला दिसतो, खाली तो मऊ असतो आणि पाय पिंडरीपर्यंत रुततो. काठीने किंवा ट्रायपॉडच्या बंद पायाने चाचपत जा, दगड-मुरमाचा भाग निवडा, आणि पाण्यात उतरून फोटो काढू नका. बुडालेल्या जुन्या बांधांमुळे तिथला तळ एकदम खोल जातो. पहाटेच्या अंधारात एकट्याने जाण्यापेक्षा कुणाला तरी बरोबर घ्या, आणि जागा आदल्या संध्याकाळी उजेडात पाहून ठेवा.